दोन सुपं

घरात सुपं दोन.
एकाच्या काठाला लाल दोरा गुंडाळलाय,
विडीचाच, दुसरा कुठून आणू.
लाल दोऱ्याचं सूप सिरीचं.
त्यात नाचणी पाखडायची, मूग निवडायचे,
आणि ते कधीच
पानं-जर्द्याच्या कोपऱ्याकडं न्यायचं नाही.

उष्टावणाला भावानं चांदीची वाटी आणली,
दोन घास मावतील एवढी.
ती कपाटात, पॉलिसीच्या कागदांखाली.
रोजच्याला स्टीलची, बुडाला चेपलेली,
माझ्या आईचं नाव तिच्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय,
नर्सम्मा,
पहिला न घासून घासून गेलाय
त्यामुळं आता नुसतीच र्सम्मा.
सिरी त्या टिंबांवर नखं घासत बसते
तेवढ्यात तीन घास उरकतात.

मोड बांधायला धोतराचा तुकडा, जुना, दहादा उकळलेला.
सत्त्व गाळायला तोच.
चहाची गाळणी निराळी, तिला हात लावायचा नाही
(नागेश लावतो).
मिक्सरचं छोटं भांडं हप्त्यात आलं,
दोन हप्ते राहिलेत.
शेजारची पद्मा चटणी वाटायला मागते,
मी म्हणते, झाकण फुटलंय.
झाकण फुटलेलं नाही.

लाळेरी पाच.
नागेशच्या मागावर परदेशी हॉटेलांचे टॉवेल विणतात,
एक धागा चुकला की माल सेकंड.
सेकंडचं कापड घरी येतं, मी कापते, शिवते.
कोपऱ्यात हॉटेलचं नाव अर्धंच उरतं.
कुठलं गाव, कोण उतरतं तिथं, ठाऊक नाही.
आमच्याकडं त्यावर लाल भोपळा सांडतो.

नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
तिची कळशी आधी भरायची.
उकळायचं, फडकं बांधायचं,
मग बाकीची घागर, बादली, पिंप,
आणि मग माझे हात.

हातांचंच सांगायचं होतं.

रोजच्या हजार विड्या.
लिंबू चोळून पाहिलं, राख, डाळीचं पीठ,
कुणी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा.
नखांच्या कडेला पिवळं राहतंच,
वास तर मला येईनासाच झालाय,
म्हणजे तो असणारच.
म्हणून चमचा.
गुलाबी, मऊ टोकाचा, चार बोटं लांब,
माझ्या हातापासून तिच्या तोंडापर्यंत
तेवढंच अंतर मला विकत घेता आलं.

सासू हसायची.
चमचा कशाला गं, बोटानं भरव,
बोटाला कळतं गरम किती, गुठळी कुठं.
नागेशला मी बोटानंच बुव्वा भरवला,
एका मांडीवर सूप, एका मांडीवर हा.

परवा दुपारी, उन्हानं पत्रा कडकडत होता,
ती विड्यांचा कट्टा बांधता बांधता थांबली.
म्हणाली, लई तोंड वाकडं करायचा गं.
पहिल्या घासाला थुंकायचा, दुसऱ्याला रडायचा.
मला वाटायचं, पोरगं नखऱ्याचं हाय.
दोन चापट्या पण दिल्या मी त्याला.

मी काही बोलले नाही.
पानं कापत राहिले, कात्रीचा आवाज होत राहिला.
तिनं आपली बोटं नाकाशी नेली,
मग पदराला पुसली,
मग पुन्हा नेली.

मंगळवार बाजारातून ती शेंगा घेऊन आली
आणि पिशवीच्या तळाशी एक चमचा,
हिरवा, प्लास्टिकचा,
टोकाला जरा धारदारच.
सिरीला तो चालणार नाही.
मी दगडावर घासून घासून त्याची कड मोडली,
उकळला, लाल दोऱ्याच्या सुपात ठेवला.

आज संध्याकाळी नाचणीची पेज तिनंच भरवली.
फुंकर मारून, चमचा आधी
आपल्या ओठाला लावून.
सिरीनं घास घेतला
आणि चमचा सोडून
आजीचं बोट धरलं, तोंडाकडं ओढलं,
हिरड्या शिवशिवत असतील.

म्हातारीनं मूठ मिटली.
मिटलेल्या मुठीवर
सिरी पेजेचं तोंड घासत राहिली,
बराच वेळ.