अर्ज क्रमांक सतरा

ॲश्टाब्युला हे नाव नीट उच्चारायला
मला दोन हिवाळे लागले.
तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला खजिनदार केलं.
बाई हिशेबाची पक्की, म्हणाले, आणि नाही म्हणत नाही.

लायब्ररीच्या तळघरात, महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
आम्ही सात जण. कॉफी पातळ, खुर्च्या लोखंडी.
फाउंडेशनचं नाव लांबलचक, तिजोरी आखूड:
पॅनकेकच्या न्याहारीचे अकराशे चाळीस डॉलर,
टायरवाल्याचे पाचशे,
आणि कुणा मिसेस निएमींनी मृत्युपत्रात ठेवलेलं
दरसाल ठिबकणारं व्याज.

गावच्या सरकारी शाळांना जे पुरत नाही
ते आम्ही पुरवतो. म्हणजे ठिगळ.
पण ठिगळाचाही अर्ज असतो, चार पानी, दोन प्रतींत.

आठवा: क्लॅरिनेटची दुरुस्ती. मंजूर.
अकरावा: कापून शिकायला बेडूक, रबराचे. मंजूर, हसत हसत.
चौदावा वॉल्टर कांगासच्या नातवाच्या वर्गाचा,
म्हणून मतदान होईपर्यंत वॉल्टर
बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला, टोपीशिवाय.
सतरावा: कपडे धुण्याचं यंत्र, एक.

चौथीच्या रेनी हॅस्केल बाईंनी पेन्सिलीनं लिहिलेलं,
खोडल्याच्या खुणा कागदावर तशाच:
'सोमवारी माझ्या वर्गात पाच बाकं रिकामी असतात.
घरी फोन केले. आजार नाही.
कपडे नाहीत. म्हणजे आहेत, धुतलेले नाहीत.
लाँड्री पुलापलीकडे आहे, आणि ती नाणी खाते.'
'अपेक्षित शैक्षणिक परिणाम' या मोठ्या चौकटीत
एकच शब्द:
येतील.

डॉलोरेस म्हणाली, आपण शाळेला मदत करतो,
धोबीघाट नाही चालवत.
(तिचा शब्द वेगळा होता, हा माझा.)
वॉल्टर म्हणाला, आज यंत्र, उद्या साबण मागतील.

मी वही उघडून बसले होते.
मिरजेत माझ्याकडे शाळेचा एकच निळा स्कर्ट होता.
पावसाळ्यात तो अंगावरच वाळायचा
आणि मी प्रार्थनेला शेवटच्या रांगेत,
वास जाऊ नये म्हणून खिशात लिंबाचं साल.
ते साल दुपारपर्यंत काळं पडायचं.

हे मी त्या खोलीत सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर मतं दयेची पडली असती,
आणि दया पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येत नाही.
मी म्हणाले: पाच बाकं, छत्तीस सोमवार,
एकशे ऐंशी दिवस. यंत्र सहाशे बाराला पडतं.
दिवसाला तीन डॉलर चाळीस सेंट.
एवढ्यात पुलाजवळ सँडविचही मिळत नाही.

चार विरुद्ध तीन.

बॉयलरच्या खोलीत ते बसवलं, खाली एक विटकर सरकवून,
कारण फरशी उतरती आहे.
आता शुक्रवारी काही मुलं दोन दप्तरं आणतात.
एकात पुस्तकं असतात.
दुसऱ्याबद्दल विचारायचं नाही, हा त्या वर्गाचा नियम,
भिंतीवर न लिहिलेला.

मे महिन्यात बाईंचा अहवाल आला, पुन्हा पेन्सिलीनं.
लाभार्थ्यांची नावं: 'देणार नाही.'
सोमवारी रिकामी बाकं: 'एक. त्याला खरंच कांजिण्या आल्यात.'
शिल्लक साहित्य: 'एक मोजा, हिरवा, त्यावर शार्क.
तीन महिने झाले, कुणी हक्क सांगत नाही.'

ताळेबंदात मोज्याला रकाना नाही.
मी बराच वेळ पेन धरून होते,
मग तो जमेच्या बाजूला लिहिला,
किंमत शून्य, पुढे माझी सही.

येत्या गुरुवारी साबणाचा अर्ज आहे.
वॉल्टरनं आधीच फोन करून सांगितलंय:
वास नसलेला घ्या,
पोरांना ओळखू येऊ नये, कुणाचे कपडे कुठे धुतले.