भिंग बसेना

पहिल्यांदा भिंगच पडलं.
उघड्या एचएमटीच्या पोटात पडलं
आणि बॅलन्सची केसाएवढी स्प्रिंग
चौतीस वर्षांत प्रथमच माझ्या हातून वाकली.

ते भिंग माझ्या उजव्या खोबणीतच राहायचं,
चहा पिताना, उधारी मागताना.
एकदा तसाच घरी जेवायला बसलो,
कुंदा म्हणाली, "आमटीत काय शोधताय?"

मी भिंगालाच दोष दिला.
कडेला रबर चिकटवलं, मग डोक्यामागून पट्टा शिवला.
रावपुऱ्याच्या टॉवरवरचं घड्याळ
दुकानाच्या पायरीवरून दोन दिसायला लागलं, एकावर एक,
तरी म्हटलं, टॉवर म्हातारा झालाय.

शेजारचा पेनवाला तुषारभाई, तो सरळ बोलला:
"निमकरभाऊ, तमारी एक आंख नीची बेसी गई छे."

डॉक्टर अमीनबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.
दोन्ही कानशिलांच्या हाडांना टेकवून
त्यांनी आरशांची एक पट्टी धरली
आणि मला मिलिमीटरमध्ये वाचलं.
डावा सोळा. उजवा एकवीस.
पाच मिलिमीटर!
बायकांच्या घड्याळाची अख्खी जाडी.

"दुखतं?"
नाही.
"कधीपासून आहे?"
सेकंदाचा हिशेब देणारा मी,
गप्प.
"मग जुने फोटो आणा."

रात्री कुंदानं अल्बम खाटेवर पसरले.
मेहुण्याच्या लग्नात डोळे एका रेषेत.
पुतण्याच्या मुंजीत उजवा खाली, केसभर.
पावागढच्या पायऱ्यांवर
अर्धा चेहरा बोटांनी झाकून पाहिलं
तर ते दोन वेगळ्या माणसांचे डोळे.
आठ वर्षं.
आठ वर्षं ते आत चालत होतं किल्लीवाचून,
आणि मी बाहेर बसून लोकांची टिकटिक ऐकत होतो.
कुंदा म्हणाली,
"रोज बघत होते ना, म्हणून दिसलं नाही."

एमआरआयमध्ये दिसली ती
डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यात,
जिथे आसवांची ग्रंथी असते तिथे,
मोठ्या बोराएवढी, गुळगुळीत कडेची.
हाडात तिनं आपल्यापुरती वाटी कोरली होती.
"हाड खाल्लेलं नाही, दाबलंय फक्त.
हे चांगलं लक्षण," अमीनबाई म्हणाल्या.
विचारलं, सुई घालून तुकडा काढणार?
"या गाठीला नाही. साल फुटली तर कण सांडतात,
वर्षांनी पुन्हा उगवतात,
आणि तेव्हा साध्याच असतील असं नाही.
अख्खी काढायची, सालीसकट."
पटलं मला.
मेनस्प्रिंगचा डबा कोणी टोचून बघत नाही.

बाजूचं हाड कापतात, काढून ठेवतात,
काम झालं की परत बसवतात.
फॉर्मवर सही करताना एवढंच विचारलं,
स्क्रू किती?
"आठ. टायटॅनियमचे, दीड मिलिमीटरचे."
"मोजून घ्या हं. एक जरी ट्रेमध्ये उरला
तर मला रात्रभर झोप येत नाही."
त्या हसल्या नाहीत.
"आम्हीपण मोजतो," म्हणाल्या.

अकरा दिवसांनी रिपोर्ट आला.
मिश्र गाठ, साधी. कॅप्सूल इन्टॅक्ट.
"इन्टॅक्ट म्हणजे?" मी विचारलं.
कुंदानं जरा विचार केला.
"अभंग," म्हणाली,
आणि कागदाची घडी न घालता तो तसाच पर्समध्ये ठेवला.

आता भिंग बसतं.
भुवईच्या टोकाला कातडी बधिर आहे,
म्हणून बसलंय की नाही ते बोटानं चाचपावं लागतं.
आणि उजवा डोळा कोरडा.
दर चार तासांनी बाटलीतले थेंब,
गजर लावून.

मागच्या बुधवारी तुषारभाईची आई गेली.
तिच्या हातचं छुंद्याचं बरणीभर ऊन
दर उन्हाळ्यात आमच्या घरी यायचं.
स्मशानात माझा डावा डोळा एकटाच वाहिला.
उजवा नुसता बघत राहिला,
आता सरळ, डाव्याच्या रेषेत.
नेमका तेव्हाच खिशातला गजर वाजला.
माणसं वळली.
मी बाटली काढली, मान मागे टाकली.
तुषारभाईनं माझं कोपर धरलं,
थेंब बरोबर पडेपर्यंत.