गवत वर सरकलं

मेआझा म्हणजे आमच्या भाषेत सुगंध.
ती अदिसहून आली
ती चिलाडा माकडांची विष्ठा गोळा करायला.
शनिवारच्या बाजारात लोक पोट धरून हसले.
मलाही हसले, कारण पिशवी माझ्या खांद्यावर.
मी वोल्देसादिक, मेन्झच्या पठारावरचा राखणदार.
बाप गवत राखायचा,
मी गवत खाणाऱ्यांना राखतो.

पहाटे कड्याशी बसायचो, गाबी कानांवर ओढून.
दरीत धुकं, उतू जायच्या आधी दूध थरारतं तसं.
मग कड्याखालून एकेक डोकं वर यायचं,
आधी पोरं, मग आया,
मग तो थोरला, आयाळ वाऱ्याला सोडून दिलेली,
छातीवर उघडा लाल डाग.
लहानपणी मला वाटायचं, कुणी सोललंय त्याला.
मग सगळी गवतात बैठक मारून
दोन्ही हातांनी खुडत, बसल्या बसल्याच पुढे सरकत,
अंगणात भाजी निवडणाऱ्या बायकांसारखी
मध्येच एकमेकींशी काहीतरी बोलत.

कळप पुढे गेला की आम्ही वाकायचो.
चिमूटभर बाटलीत,
बाटलीवर आकडा, वहीत तोच आकडा,
आणि त्या एकट्या जिबऱ्यापासून किती पावलं.
एकशे बारा बाटल्या झाल्या.
एकशे तेरावी माझ्या खेचरानं लाथाडली.

मी विचारलं, यात काय सापडणार?
म्हणाली, थंडी.
ती तर इथे फुकट मिळते, बाई.
ही नाही. जुनी. तुमच्या गावाला नाव नव्हतं तेव्हाची.

रात्री चुलीशी तिनं परातीतल्या जवाच्या पिठात
बोटानं डोंगर काढले.
तेव्हा माथ्यांवर बर्फ होता, म्हणाली,
आणि गवत खाली उतरलेलं,
आज जिथे ज्वारी होते तिथवर.
डोंगर वेगवेगळे, कुरण मात्र एक.
या कड्याचा पोरगा चरत चरत निघायचा
आणि त्या कड्यावर घरजावई व्हायचा.

मग ऊब आली.
एकाही आयुष्याला दिसू नये इतकी सावकाश.
खालून झुडपं चढली, गवत मागे हटलं,
वर, अजून वर,
शेवटी प्रत्येक डोंगराला आपापली टोपी उरली
आणि टोपीत आपापली माकडं.
दऱ्या होत्या तेवढ्याच खोल होत्या.
फक्त त्यांच्या तळाशी आता
चरत चरत जाण्यासारखं काही नव्हतं.

तिनं एक रेघ ओढली, मधे फुगलेली,
पुढे निमुळती होत परातीच्या काठाशी संपणारी.
हे सगळं त्यांच्या रक्तात लिहिलेलं असतं, म्हणाली,
किती होते, किती उरले,
कुठल्या कड्याला कुठल्या कड्याचा विसर पडला.

असनाकेच पीठ डब्यात परत भरत होती.
म्हणजे आपल्या आपल्यातच लग्नं?
आम्ही सात पिढ्या मोजतो, तेव्हा कुठे सोयरीक ठरते.
त्यांच्या पिढ्या कोण मोजणार?
मेआझा माझ्या पिशवीकडे बघत राहिली.
डोंगर, बर्फ, घरजावई,
सगळं दुसऱ्या दिवशीच्या इंजेरात गेलं.

ती गेल्यावर एकदा पाहिला मी,
एक वयात आलेला नर, कळपापासून सुटा,
कड्याच्या टोकावर.
समोरचा डोंगर स्वच्छ दिसत होता,
त्यावरचं गवतसुद्धा.
बराच वेळ तो तसाच.
मग बसला आणि खुडायला लागला.

तिचं पत्र आलं, पावसाळा संपल्यावर.
बाटल्या पोचल्या. तिथे सगळं कसं काय?
मी लिहिलं, माकडं बरी आहेत, खेचर म्हातारं झालं,
असनाकेच तुझी आठवण काढते, पिठाचीही.

यंदा मी वरच्या खाचरात जव पेरला.
आजोबांच्या काळी तिथे हीव पडून पात करपायची,
कुणी नांगर नेत नसे.
कणसं हातभर लांब आली, सगळा गाव बघून गेला.

हे तेवढं पत्रात लिहिलं नाही.