हातचा

सायलेशियात, क्लोदनित्सा नदीपासून दोन फर्लांगांवर
आमच्या कोक भट्टीला बासष्ट दारं आहेत.
एरविन पहाटे प्रत्येक वाघिणीतून फावडंभर कोळसा काढतो,
ढीग घालतो, त्याचे चार भाग करतो,
समोरासमोरचे दोन टाकून देतो,
पुन्हा ढीग, पुन्हा चार.
माझ्या टेबलावर शेवटी येते ती चिमूट,
अख्ख्या मालगाडीच्या वतीनं बोलायला.

तराजू इतका हळवा, की उसासा टाकला तरी आकडा हलतो.
म्हणून वजन करताना मी बोलत नाही.
झिटा म्हणते, तू घरीही तशीच असतेस.

निकेलची इवलीशी होडी, तीत कोळसा,
होडी भट्टीत.
पारा वाफ होऊन निघतो आणि वाटेतल्या सोन्याला बिलगतो.
सोन्याचा लोभ त्याला फार जुना.
मग सोनंच तापवायचं,
नाइलाजानं सोडतो तो,
आणि दिव्यासमोरून जाताना त्याची सावली पडते.
मी ती सावली मोजते.
एकवीस वर्षं हेच.

कोळशात असतो तेवढ्याला मी शंभर म्हणते.
कोकमध्ये उरतात सहा,
डांबरात अठरा,
अमोनियाच्या पाण्यात एकतीस,
वायूच्या नळीत सोळा.
शिसं त्या मानानं बरं, बऱ्यापैकी जागेवर सापडतं.
पारा नाही.
एकाहत्तरच्या पुढे ताळा जात नाही.

पान वोयनार, आमचे साहेब, चष्मा पुसत म्हणतात,
दारं गळतात हो, कुणाची गळत नाहीत?
‘मोजमापातील त्रुटी’ लिहा.
मी लिहिते.
पेन अगदी छान चालतं.

बाबा त्या दारांवर होते.
लांब सळईनं कडांचं डांबर खरवडायचे,
घरी आले की आधी कबुतरांकडे, मग आमच्याकडे.
चौतीस कबुतरांची नावं त्यांना तोंडपाठ,
आम्हा बहिणींची मात्र हटकून चुकायची.
ते गेल्यावर शेजाऱ्यांनी पाखरं वाटून घेतली.
एक राहिली, राखाडी, एका पायानं लंगडी,
खुराड्याला कडी नाही तरी जात नाही.

परवा रविवारी खाली पडलेलं तिचं एक पीस मी उचललं.
ॲसिटोननं तीनदा धुतलं,
वरची धूळ हिशेबात नको,
आतलं तेवढंच हवं.
कात्रीनं बारीक केलं. होडीत ठेवलं.
अर्जावर नमुन्याचा प्रकार:
कोळसा, कोक, डांबर, पाणी, इतर.
इतरवर खूण केली.
पाठवणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं,
अलोइझ,
मग खोडलं.

सावली पडली.
बारीकशी, पण पडली.

एका पिसानं एकोणतीस भरून निघत नाहीत,
एवढं गणित मला येतं.
शाळेत बाई टेबलावर पट्टी आपटून सांगायच्या,
हातचा विसरू नका गं,
तो पुढच्या घरात जातो.

पुढच्या घरात
आज पडदे धुऊन बाहेर वाळत घातलेत,
नवं बाळ आहे त्यांच्याकडे.
मी यंत्र थंड व्हायची वाट बघते.
एरविन दाराशी उभा आहे, नवं पोतं घेऊन,
विचारतो, ठेवू कुठं?