शेवटच्या नोंदी

मे महिन्याची दोन तारीख. एल्ब नदीच्या अलीकडे एक गोठा,
गाई कुणीतरी आधीच हाकून नेलेल्या, वास तेवढा मागे राहिलेला.
दाराची फळी दोन पिंपांवर टाकली
आणि मी कचेरी मांडली :
शिक्का, टाक, अर्धी बाटली शाई
(सकाळीच तिच्यात पाणी घातलं होतं)
आणि एकशे सहा पुस्तिका,
आत एकेकाचा चेहरा चिकटवलेला,
छातीवरच्या घामानं फुगलेला.

मी वेंडेलिन क्राट्स, कंपनीचा लेखनिक.
सहा वर्षांत बंदूक उडवली मोजून चार वेळा.
टाक किती वेळा बुडवला
ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आदेश आला : अकरा क्रॉस, दुसरा वर्ग.
डबा उघडला तर आत तीन,
एकाची फीत उंदरानं कुरतडलेली.
कॅप्टन म्हणाला, लिहून टाक, लोखंड मागाहून येईल.
मग मी लोखंड लिहिलं.
आठ जणांना नुसत्या शाईतून दिलं,
वर शिक्का मारला, फुंकर घातली.
कागदी घोडे म्हणतात ते हेच असावेत,
आमचे खरे घोडे तर मार्चमध्येच खाऊन झाले होते.

त्यात एक ओटमार होता, सतरा वर्षांचा.
त्याची पुस्तिका त्याच्याशिवाय आली,
ओढ्याच्या पाण्यानं ओली.
तारीख लिहिली तशी शाई फुटली,
बाजूच्या रकान्यात गेली,
जिथं बुटांचा नंबर होता.

रांग लांबत गेली. हळू आवाजात बोलणारी रांग.
कुणाला बढती हवी होती, कुणाला मागची रजा.
झिगबेर्टला जखम हवी होती.
कुठं? मी विचारलं.
तो थोडा विचार करून म्हणाला, डाव्या मांडीत.
दिली.

सगळ्यांत शेवटी गेरेऑन हॉप्फ, सुतार.
त्याला काहीच नको होतं.
त्यानं बाविसावं पान उघडून माझ्यासमोर धरलं.
हे काढता येईल?
दलदलीतल्या मोहिमेबद्दल पदक, चव्वेचाळीसचा वसंत.
अक्षर माझंच.
त्या गावांची यादीही माझ्याच अक्षरात, दुसऱ्या वहीत :
गावाचं नाव, घरं, गुरं, धान्य.
माणसांसाठी रकाना आखलेला नव्हता
आणि मी विचारलंही नव्हतं.

मी म्हणालो, खाडाखोड केलेली नोंद ग्राह्य धरत नाहीत.
नियम म्हणूनच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
त्यानं खिशातून दाढीचं पातं काढलं,
सुताराच्या हातानं सरळ रेघेत पान कापलं
आणि शेगडीत टाकलं.
पण शिवण एकच असते.
पुस्तिकेच्या पुढच्या अंगाचं, त्याच दोऱ्यातलं दुसरं पान
सुटून खाली गवतात पडलं :
दातांची तपासणी. बत्तीस, सर्व चांगले.
तो वाकून ते उचलत बसला,
घाण पुसत बसला,
मला त्याच्याकडे बघवेना.

चार तारखेला आम्ही नदी ओलांडली.
पलीकडच्या अमेरिकन पोरांनी खऱ्या क्रॉसला
वीस वीस सिगारेटी दिल्या.
शाईतल्या क्रॉसला कुणी काडीही दिली नाही.

पुढं मी दूध-संघात हिशेब लिहिले, एकतीस वर्षं.
झिगबेर्टला पेन्शन मिळाली.
एकदा बाजारात दिसला, बटाटे निवडत होता,
मला ओळखलं नाही की ओळख दाखवली नाही.
निघाला तेव्हा बघितलं, लंगडत होता.
डाव्या पायानं.

माझी पुस्तिका अजून आहे, टेबलाच्या खणात,
विजेच्या बिलांखाली.
तिच्यात मी काही वाढवलं नाही.
कापलंही नाही काही.
बाविसावं पान आहे.
त्याच वसंतातलं, तेच पदक,
स्वतःचंच नाव मी स्वतः लिहिलेलं, एकही डाग न पाडता.
तेव्हा माझं अक्षर फार सुरेख होतं.