एक वाटी कमी

यझ्दच्या नकाशात जिथं कागदाची घडी पडते
तिथं आमचं शहर आहे.
नाव होतं; घडीवर झिजलं.
टपालवाला सांगतो, वाळूच्या अलीकडचं.

एक सरळ रस्ता, दोन पेट्रोलपंप, त्यातला एक बंद.
मी झेरॉक्सच्या दुकानात बसते.
लोक आणतात जन्माचे दाखले, घरांचे कागद,
आणि अजूनही, पिवळ्या पडलेल्या पाण्याच्या चिठ्ठ्या :
'खालच्या बागेला, बारा दिवसांतून एकदा, सव्वासात वाट्या.'
सव्वासात वाट्या म्हणजे पाणी नव्हे, वेळ.
हे नगरपालिकेच्या नव्या साहेबाला समजावताना
माझा चहा गार होतो.
तो विचारतो, पण लिटर किती?

माझे वडील मीराब होते. पाण्याचे कारकून म्हणा.
भुयारी पाट जिथं उजेडात येई तिथं मातीची खोली,
खोलीत भरलेलं घंगाळ,
घंगाळात तरंगणारी तांब्याची वाटी,
वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक.
वाटी भरे, बुडे, तळाशी टण्ण वाजे.
बाबा एक खडा डावीकडून उजवीकडे ठेवत
आणि खडे संपले की अंधारात हाक देत :
"कुद्रतचं झालं! आता रुस्तमींचं!"
लांबवर कुणी फावड्यानं बांध फोडी.
सगळं शहर त्या भोकातून जगत होतं.

पाव वाटीवरून दोन भाऊ एकवीस वर्षं बोलले नाहीत.
न्हावी एकच होता,
एकाचा निरोप तो दुसऱ्याला
वस्तरा गळ्याशी असताना सांगे.

तूबा खानमनं नवऱ्याच्या आजारपणात
सगळ्या वाट्या विकल्या.
नवरा गेलाच. उरली अकरा डाळिंबाची झाडं
आणि पाट, ज्यात कोंबड्या धुळीनं अंघोळ करत.

मी नऊ वर्षांची. रोटी घेऊन गेले होते.
कुद्रतच्या सात वाट्या. सहावी बुडाली,
आणि बाबांनी हाक दिली, "कुद्रतचं झालं!"
पुढचं नाव घेतलं नाही.
माझ्या हातात फावडं दिलं.
"जा. तूबाचा बांध फोड. बोलायचं नाही."
चप्पल हातात घेऊन पळाले.
पाणी माझ्या पायावरून गेलं, बर्फासारखं,
आणि कोंबड्यांच्या खळग्यांत क्षणभर थांबलं.

सकाळी तिची माती काळी दिसली.
आमच्याकडे भिंती बुटक्या आहेत. सगळ्यांनी पाहिलं.
दुपारी कुद्रत दारात आला.
बाबांचे कान लाल.
"मीराब, रात्री तुझी वाटी लवकर भरली.
भोक मोठं झालंय वाटतं."
बाबा गप्प.
"राहू दे," कुद्रत म्हणाला,
आणि न बसता, न चहा घेता गेला.
त्यानंतर दर बारा दिवसांनी, डाळिंबं पिकेपर्यंत,
ते भोक तसंच मोठं राहिलं.

मग पंप आला. पाट खाली खाली गेला, मग गेलाच.
वाटी माझ्या टेबलावर असते, टाचण्या ठेवायला.
कधीतरी एखादी टाचणी बरोबर भोकात उभी राहते.

बाबांची घटका भरली ती भर दुपारी, दवाखान्यात.
तीन दिवस ते सलाईनकडे बघत होते,
ओठ हलत होते, थेंबागणिक.
"हे कुणाच्या वाट्याचं?" त्यांनी नर्सला विचारलं.
ती परगावची, केर्मानकडची.
"तुमचंच आहे, बाबा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू माझ्या हातात अजून फावडं होतं.