गळलेला ठोका

थंड असते तोवर गाडी शहाणी.
गोळीबार चौकातून निघते,
सीताबर्डीचा चढ-उतार मुकाट सोसते,
पण सुभाषनगर आलं, इंजिन तापलं
की मधेच एक श्वास विसरते.
भक्.
पुन्हा नीट. पुन्हा भक्.
मागून ट्रकवाला हॉर्न देतो,
आणि हिंगण्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा
माझ्यासाठी थांबत नाही.

कमाल चौकातला डोमाजी म्हणाला,
"इंजिन खोला लागते ताई. साडेचार हजार धरा."
साडेचार हजार म्हणजे
पॅकिंग लाइनवर उभे राहिलेले माझे नऊ दिवस.
मी म्हटलं, बघते.

रविवारी दारात पोतं अंथरलं.
सावलीत ठेवलेला पानासुद्धा हाताला चटका देत होता.
प्लग काढला. काजळीनं काळाठिक्कर,
वर ओला, पेट्रोलचा वास.
तांब्याच्या ब्रशनं घासला, पॉलिश पेपर फिरवला,
फट मोजायला पत्ती नव्हती,
तर ब्लेडची सहा पाती एकावर एक धरून बसवली.
कार्बोरेटर उघडला, जेट फुंकला,
आरपार आभाळ दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं.
सगळं परत लावलं. किक मारली.
दहा मिनिटं गुणी बाळासारखी चालली,
आणि भक्.

नवा प्लग आणला. तोही संध्याकाळपर्यंत काळा.
तेव्हा उमगलं,
काळा प्लग हे कारण नव्हतं, ती तक्रार होती.
मी तक्रारीचं तोंड पुसत बसले होते.

मामंजी बाजेवर.
नथ्थूजी पराते, एक्केचाळीस वर्षं हातमाग,
आता माणसाचं बोलणं अर्धं ऐकू येतं,
लग्नपत्रिकेतलं नाव तीनदा विचारतात.
ते उठले, लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनवर, मूठ कानाच्या हाडाला,
डोळे मिटून उभे राहिले
घामाच्या धारा पुसायचंही विसरून.
"आत सारं बराबर हाय," म्हणाले.
"पावडी पडते. फणी बसते.
धोटाच मंधातून कुठं पळून राह्यला पाय."

धोटा पळतो. म्हणजे काय पळतं?
मी तारांकडे बघितलं.

रात्री साडेनवाला घरातले दिवे घालवले,
शेजारच्या निमजेबाईंनाही ओट्यावरचा बल्ब बंद करायला लावला,
"काऊन बे, काय झालं?" करत त्या बाहेर आल्या.
गाडी स्टँडवर, चालू, तापलेली.
कूलरवर पाणी मारायचा फवारा घेऊन
प्लगच्या वायरवर हलकी धुई सोडली.

आणि दिसलं.
टोपीच्या वर दोन बोटं,
जिथं वायर वर्षानुवर्षं फ्रेमला घासत होती,
तिथून एक निळी रेघ
टिचकी मारून लोखंडात उडी घेत होती.
केसाएवढी चीर. दिवसा मी तिच्यावरून
चारदा फडकं फिरवलं होतं.
निमजेबाई म्हणाल्या, "अगं बाई, सुंदर दिसते नं."
खरंच सुंदर दिसत होती.
नऊ दिवसांची मजुरी अशी निळी असेल
असं वाटलं नव्हतं.

गाडी बंद केली. टॉर्च दातात धरला.
टोपी फिरवून काढली, चिरलेला तुकडा छाटला,
तांब्याचे ताजे केस दिसेपर्यंत सोललं,
टोपी पुन्हा पिळून बसवली.
वायर फ्रेमपासून लांब वळवली,
वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची बाही चढवली.
खर्च: ट्यूब घरचीच. नवा प्लग उगीच घेतला.

किक.
पंधरा मिनिटं. वीस. सायलेन्सरला हात लावायची सोय नाही.
एकही ठोका गळला नाही.
मी अजून विश्वास ठेवत नव्हते,
एक्सलेटर मिटून मंद चालीवर सोडली,
मंद चालीत लबाडी लपत नाही.

मामंजी बाजेवर परत जाऊन बसले होते.
काही बोलले नाहीत.
बाजेच्या गातावर बोटं चालली होती,
इंजिनच्या बरोबरीनं,
ठक, ठक, ठक, ठक.

मी चावी फिरवली.
गल्ली एकदम रिकामी झाली.
त्यांची बोटं मात्र
आणखी वीतभर कापड विणून
मगच थांबली.